नाणेघाटाच्या पायथ्याचा धडा

परिसराचे आणि प्रादेशिक इतिहासाचे ऑनलाइन उपक्रम म्हणजे मुलाने आपली राहती जागा पडद्याच्या मदतीने पुन्हा एकदा नीट पाहणे. त्यासाठी साधने आता पुष्कळ आहेत. ‘दीक्षा’वर पाठ्यपुस्तके आणि चित्रफिती मिळतात. इस्रोच्या ‘भुवन’वर २००९ पासून गावाचे उपग्रहचित्र उघडता येते. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुले एकच झाड निवडतात आणि त्याची पालवी, फुले, फळे आठवड्याला नोंदवतात. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरची पानेही आता संगणकावर वाचता येतात. पर्यावरण शिक्षण सक्तीचे व्हावे असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १९९१चा आहे, त्यामुळे विषय नवा नाही. नवे आहे ते माध्यम, आणि त्याच्यासोबत आलेला एक नैतिक प्रश्न: ज्या जागेबद्दल धडा आहे, त्या जागेवरच्या मुलाने तो फक्त पाहायचा, की त्यात भरही घालायची?

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावात हा प्रश्न अगदी दाराशी येतो. गाव मागे टाकून कल्याण–माळशेज रस्त्याने पुढे गेले की नाणेघाटाची पायवाट फुटते. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे चढत असे. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय साधारण दोन हजार वर्षे. कोणते यज्ञ झाले आणि दक्षिणा म्हणून किती गायी, घोडे, हत्ती, कार्षापण दिले, याची ती यादी आहे. दानांच्या संख्या अंकांत कोरल्या असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखाचे स्थान फार वरचे आहे. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. शून्याची सोय नसल्याने दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा, एवढेच उरले आहे.

इथे पडदा खरोखर उपयोगी पडतो. लेण्याच्या अंधुक उजेडात झिजलेली अक्षरे मोठ्यांनाही लागत नाहीत. तेच छायाचित्र मोठे करून चौथीतला मुलगा ‘दोन’ शोधू शकतो. त्याने तो शोधला की मगच घाट चढावा, म्हणजे भिंतीसमोर उभे राहिल्यावर ती त्याच्याशी बोलू लागते. लेण्याबाहेर, माथ्यावर, मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो. राणीचा लेख मात्र दानांविषयी आहे, रांजणाविषयी नाही. चांगल्या उपक्रमात मुलाच्या वहीला दोन रकाने हवेत, ‘कोरलेले’ आणि ‘सांगितलेले’. दुसरा रकाना कमी मोलाचा नाही. लोकांनी जपलेली आठवण हाही पुरावा आहे, पण तो वेगळ्या जातीचा पुरावा आहे. हा फरक लहानपणी कळला तर पुढे फोनवर आलेली ऐतिहासिक गोष्ट मूल डोळे मिटून पुढे ढकलणार नाही.

छापलेला किंवा पडद्यावरचा मजकूर म्हणजे सत्य, ही समजूत या भागात विशेष घातक ठरते. गॅझेटियर हा माहितीचा मोठा ठेवा आहे, यात वाद नाही. पण कातकरी, ठाकूर, वारली यांची त्यातली वर्णने राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेली आहेत आणि अनेक ठिकाणी ती अपमानकारक आहेत. वर्गात तीच पाने उघडली तर समोर बसलेल्या कातकरी मुलीला आपल्या आजोबा-पणजोबांविषयी काय वाचावे लागेल, याचा विचार शिक्षकाने आधी करायला हवा. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावर सरकारी निर्बंध आले आणि तो धंदा हातचा गेला, हे सांगितल्याशिवाय त्या समाजाच्या गरिबीविषयी बोलणे अन्यायाचे आहे.

राबाचेही असेच. भाताचे रोप टाकण्याआधी उन्हाळ्यात जागा भाजतात. झाडांचे कवळ, शेण, गवत, पालापाचोळा थरावर थर पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवायचे. तणाचे बी जळते, राख रोपाला पोसते. शहरात तयार झालेल्या पर्यावरणाच्या चित्रफितीत जाळणे म्हणजे प्रदूषण असे एका वाक्यात येते, आणि शहापूर-मुरबाडमधल्या मुलाला वाटते की आपला बाप गुन्हेगार आहे. कवळ तोडण्यावर इंग्रजी वनखात्याने बंधने घातली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. म्हणजे राब हा शेतीचा, जंगलाचा आणि हक्काचा एकत्र धडा आहे. राबामुळे झाडे ओरबाडली जातात का, दुसरा उपाय परवडतो का, हे मुलांनी जरूर विचारावे. पण विचारण्याची जागा बांधावर आहे, आणि उत्तर देणारा शेतकरी त्या धड्यात शिक्षकाच्या शेजारी बसलेला असला पाहिजे.

पाण्याचा धडा शहापूर तालुक्यासाठी सर्वांत कठीण आहे. तानसा धरण १८९२चे. भातसा त्यानंतर जवळजवळ शतकाने आले, आणि मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी आज त्याच्यातून जाते. मुंबई महापालिका आपल्या सात तलावांचा साठा रोज जाहीर करते आणि तो आकडा कोणत्याही शाळेला पडद्यावर मिळतो. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर दर उन्हाळ्यात विहीर आटते आणि बाया टँकरची वाट पाहत हंडे लावून बसतात. चैत्र-वैशाखात मुलांनी रोज दोन आकडे लिहावेत: तलावाचा साठा पडद्यावरून, आणि आपल्या विहिरीतल्या पाण्याची खोली दोरीला गाठी मारून. दोन महिन्यांत जो आलेख निघेल तो कोणत्याही पुस्तकात नाही. हाच आलेख मुंबईच्या एखाद्या शाळेकडे पाठवला तर नळ सोडताना तिथल्या मुलालाही या विहिरीचे नाव ठाऊक असेल.

अशा कामासाठी लागणारी धमक या दोन तालुक्यांनी आधीच दाखवली आहे. शहापूरमधील पष्टेपाडा या छोट्या वस्तीवर संदीप गुंड या शिक्षकामुळे जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल झाली आणि राज्यभरातील शिक्षक ती पाहायला आले. मुरबाडमधील फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकाने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. साठी उलटलेल्या बाया गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे अक्षरे गिरवायला बसल्या. एका ठिकाणी पडदा पाड्यावर पोचला, दुसऱ्या ठिकाणी अक्षर आजीपर्यंत. प्रादेशिक इतिहासाच्या उपक्रमाला या दोन्हींची गरज आहे, कारण त्याची अर्धी सामग्री आजीकडेच असते. कोणत्या महिन्यात कोणती रानभाजी उगवते, मोहाची फुले पहाटे वेचण्याआधी झाडाखाली काय करतात, माळशेजचा रस्ता होण्याआधी जुन्नरच्या बाजाराला कोण कसे जात असे, हे सगळे तिलाच विचारावे लागते.

तिच्याकडून घेतलेले सगळे जगासमोर मांडावे असे मात्र नाही. औषधी कंद नेमका कुठे सापडतो हे जाहीर झाले की खणणारे पोचायला वेळ लागत नाही. निसर्गनोंदींच्या ‘आयनॅचरलिस्ट’वर संकटातील जातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकले जाते, आणि देवराई व कंद यांच्याबाबत शाळेनेही तोच नियम पाळावा. मुलांचे फोटो, नावे आणि घराचा ठिकाणा यांच्या बाबतीत २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने पालकांची संमती आवश्यक मानली आहे. आजीच्या आठवणीला मात्र असे संरक्षण कोणी देत नाही. तिची गोष्ट मुलाच्या नावावर, शाळेच्या नावावर, कधी स्पर्धेच्या बक्षिसावर जाते आणि तिला ते कळतही नाही.

फांगण्यासारख्या गावात यावर उपाय हाताशी आहे. नातवाने लिहिलेले पान आधी आजीसमोर धरावे. तिने ओळीवर बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवून ते वाचावे, चुकले तिथे सांगावे, नको वाटेल ती ओळ खोडायला लावावी. खाली तिचे नाव, तिला हवे असेल तर, तिच्याच हातचे. पान शाळेच्या संगणकावर चढते ते त्यानंतर.