रोजच्या कामातली ख्रिस्ती नम्रता

ख्रिस्ती परंपरेत नम्रता ही केवळ मनात बाळगायची भावना नाही. ती हातांनी करायच्या कामांतून अंगी बाणवावी लागते. योहानाच्या शुभवर्तमानातील १३व्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पाहुण्याचे पाय धुणे हे तेव्हा घरातल्या दासाचे काम होते. म्हणूनच शिष्य पेत्र आधी नकार देतो.

या प्रसंगाचा रोजच्या जगण्यात उपयोग कसा करावा, याचे सर्वांत नेमके उत्तर सहाव्या शतकात इटलीत मिळाले. माँते कॅसिनोच्या संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या १२ पायऱ्या आहेत. खरा धडा मात्र स्वयंपाकघराच्या प्रकरणात आहे. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडून प्रत्येकाने पाळीपाळीने आठवडाभर स्वयंपाक करायचा आणि वाढायचे. शनिवारी पाळी संपणाऱ्याने साफसफाई करायची, हातपाय पुसायची फडकी धुवायची, भांडी स्वच्छ आणि धड परत करायची. मग पाळी संपलेला आणि नवी पाळी घेणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. वाढप्यांना मात्र जेवणापूर्वी थोडी जास्तीची भाकरी आणि पेय मिळे, म्हणजे त्यांना कुरकुर न करता वाढता यावे. उपाशी माणसाकडून हसतमुख सेवेची अपेक्षा करू नये, इतके शहाणपण या नियमात आहे.

कसबी कारागिरांनाही बेनेडिक्टने सोडले नाही. आपल्या कलेमुळे मठाला फायदा होतो असा ताठा एखाद्याला चढला, तर तो नमेपर्यंत ते काम काढून घ्यावे, असे तो सांगतो. ही शिक्षा कठोर वाटते. पण स्वतःच्या कौशल्याचा अभिमान हाच कर्तबगार माणसाच्या नम्रतेतला मोठा अडथळा असतो, हे त्याने अचूक हेरले होते.

नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे नव्हे. फ्रान्समधल्या लिझ्यू येथील संत तेरेझ (१८७३–१८९७) हिच्या आत्मकथनात याची साधी उदाहरणे आहेत. मठात कपडे धुताना समोरची भगिनी मळके पाणी तिच्या तोंडावर उडवत असे. तेरेझ मागे सरत नसे. एका आजारी, चिडखोर वृद्ध भगिनीला ती रोज संध्याकाळी हात धरून भोजनगृहात नेई आणि तिच्या ताटातली भाकरीही कापून देई. तिथे तिची वाहवा करणारे कोणी नव्हते. अशी कृत्ये तिने स्वतःहून केली, कोणी लादली म्हणून नव्हे, ही गोष्ट निर्णायक आहे.

कारण लादलेल्या नम्रतेचा धोका खरा आहे. दुबळ्यांना गप्प बसवण्यासाठी हा शब्द अनेकदा वापरला गेला आहे. बेनेडिक्टच्या नियमावलीत मात्र मठाधिपतीलाही मोकळीक नाही. महत्त्वाच्या निर्णयापूर्वी त्याने सर्वांना बोलवायचे, सर्वांत तरुणांचेही ऐकायचे, कारण अनेकदा योग्य मार्ग देव त्यांनाच सुचवतो. पाहुणे आले की त्यांच्या हातांवर पाणी घालायचे काम मठाधिपतीचे, आणि पाय धुण्यातही तो इतरांबरोबर असे. घरात असो वा संस्थेत, जिथे नम्रतेची अपेक्षा फक्त सुनेकडून, नोकराकडून किंवा कनिष्ठाकडून केली जाते, तिथे तिला ख्रिस्ती नम्रता म्हणता येत नाही.