नाल कोणासाठी?

आषाढीच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाशी माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापेखालची माती घ्यायला आपण कसे धावतो, हे वारकऱ्यास सांगावयास नको. ती माती कपाळी लावण्यात गैर काहीच नाही. पण ती टाप आपण कधी उलटून पाहिली आहे काय? अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीपर्यंत पायी येतात, आणि मग पुढे पंढरीची वाट! एवढी चाल ज्या खुरावर होते, त्याची विचारपूस नालबंदावाचून कोण करतो?

खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी; तिला वेदना नाही. ती महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढते, म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा बसवावा लागतो. भिंतीच्या आत मात्र जिव्हाळी आहे. खिळा जरा आत गेला की तिला लागतो किंवा दाबतो, आणि काल धावणारे जनावर आज लंगडते. जाणता नालबंद त्याला आधी दुडक्या चालीने चालवून बघतो. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उडवतो. मग चिमट्याने खूर दाबून नेमकी जागा शोधायची. खिळ्याचा दोष असेल तर तो उपटायचा, जखम धुऊन औषधपाणी करायचे, घोडा उभा ठेवायचा. इथवर प्रश्न सोपा.

अवघड पुढे आहे. काही वर्षांपूर्वी एका टांगेवाल्याचा घोडा मी पाहिला. टाचेकडचे, खुराच्या आतल्या हाडाचे जुने दुखणे. नालबंद म्हणाला, "टाच उचलून देतो, मागून जोडलेला नाल घालतो. मान उडवायची थांबंल. पण दुखणं गेलं असं समजू नगंस. महिनाभर सोड त्याला."

टांगेवाला म्हणाला, "दादा, महिनाभर पोरांनी खायचं काय?"

याला उत्तर माझ्यापाशी नव्हते. भरल्या पोटी भूतदया सांगणे फार सोपे असते. तरीही वाटते, घोड्याला वाचा नाही. ती उडणारी मान हेच त्याचे बोलणे. विश्रांतीच्या जोडीला घातलेला नाल औषध होय; विश्रांती चुकविण्यासाठी घातला तर तोच नाल त्याचे तोंड बंद करतो. डॉक्टर तर अशा दुखण्यात पायाची संवेदना नेणारी शीरही कापू शकतात. कोणी म्हणेल, वेदनाच नाही, मग हरकत काय? हरकत ही की आतले हाड झिजतच राहते, आणि उद्या तळव्यात काटा रुतला तरी त्या जीवाला कळत नाही.

नाथांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी कावडीतले पाणी घातले, ही कथा कीर्तनात ऐकताना आपण गहिवरतो. पाणी पाजून झाल्यावर नाथांनी त्याच्या पाठीवर कावड लादली नाही, हे मात्र कोणी बोलून दाखवीत नाही.

असो. टांगेवाल्याने ८ दिवस घोडा सोडला आणि नवव्या दिवशी जुंपला. मान उडत नव्हती. मी त्या टांग्यात बसलो नाही, चालत गेलो. त्याचे तेवढे भाडे बुडाले, हेही खरेच.