आगोटीआधीची बेगमी

पुण्यातल्या एका कंपनीत एकाच मजल्यावर दोन टीम बसत. काम सारखंच: दिवसा जावास्क्रिप्टचा कोड लिहायचा आणि रात्री सर्व्हरनं आपोआप बिल्ड करायचा. पहिल्या टीमचा बिल्ड दर रात्री सगळी पॅकेजेस थेट एनपीएमच्या रजिस्ट्रीतून ओढायचा. दुसऱ्या टीमच्या मॅडमनी मधे ऑफिसातल्याच एका जुन्या मशीनवर सिनोपिया बसवला होता. बिल्डनं पॅकेज मागितलं की तो आधी स्वतःच्या डिस्कवर बघे. नसलं तर बाहेरून आणून देई आणि एक प्रत ठेवून घेई.

"मॅडम, रजिस्ट्री चोवीस तास चालू असते. आणखी एक सर्व्हर कशाला सांभाळता?" पहिल्या टीमचा लीड विचारायचा.

मॅडम रत्नागिरीकडच्या. "अरे, नाक्यावरचं दुकान कितीही चांगलं असू दे, आगोटीआधी, पाऊस लागायच्या आत, आम्ही तांदूळ-मीठ घरात भरतोच."

त्याची शंका अगदीच फोल नव्हती. डिस्क भरते, बॅकअप घ्यावा लागतो, हे मॅडमही मान्य करत.

22 मार्च 2016. अमेरिकेत दुपार, इथे 23 ची पहाट. पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादात एनपीएमनं अझर कोचुलू या प्रोग्रामरच्या पॅकेजचं 'किक' हे नाव त्याच नावाच्या कंपनीला दिलं, म्हणून त्यानं आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस रजिस्ट्रीतून काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड होतं: मजकुराच्या डावीकडे जागा भरणाऱ्या जेमतेम 11 ओळी.

पहिल्या टीमच्या ऑन-कॉल मुलाचा फोन वाजला. लॉगमध्ये लाल अक्षरांत 404, लेफ्ट-पॅड रजिस्ट्रीत नाही. त्यानं पॅकेजची यादी दोनदा चाळली. ते नाव तिथं नव्हतंच. मागितलं होतं बेबल. बेबलला हवं होतं लाइन-नंबर्स आणि त्याला लेफ्ट-पॅड. कोणीतरी तोच कोड 1.0.0 म्हणून पुन्हा चढवला, पण मागणी नेमकी 0.0.3 ची. शेवटी एनपीएमनं बॅकअपमधून ती आवृत्ती परत आणली, तोवर अडीचएक तास गेले होते.

शेजारच्या टीमचा बिल्ड त्याच रात्री पार पडला. लेफ्ट-पॅडची 0.0.3 डिस्कवर होती.

सकाळी लीड मॅडमकडे आला. "आमचा बिल्डही तुमच्या सर्व्हरवरून वळवता येईल?"

"येईल. पण रजिस्ट्री बंद असेल तेव्हा त्यात आधी मागितलेलं तेवढंच मिळेल. आधी श्रिंकरॅप करून आवृत्त्या पक्क्या कर, नाहीतर बिल्ड नवीन आवृत्तीसाठी पुन्हा बाहेरच धावेल. आणि डिस्क किती भरली, ते दर आठवड्याला तू बघायचंस."

त्या प्रकरणानंतर एनपीएमनं पॅकेज काढण्याचे नियम कडक केले. तरी रजिस्ट्री बंद पडायची ती पडतेच, ऑफिसचं नेटही जातं. सिनोपियाचं काम आता त्यातूनच निघालेला व्हर्डाचिओ करतो. तो फुकट आहे. तुमचा बिल्ड रजिस्ट्री म्हणून कोणाचा पत्ता वापरतो, ते आजच सेटिंग उघडून बघा.