निमूटपणाचा अर्थ

घरात पाळलेल्या कुत्र्याचं सगळ्यांत जास्त कौतुक होतं ते त्याच्या शांतपणाचं. पाहुणे आले तरी जागचा हलत नाही, कुणी कान ओढला तरी हूं की चूं करत नाही. 'किती गुणी आहे!' असं आपण सहज म्हणून जातो. या कौतुकाच्या मुळाशी आपली एक जुनी धार्मिक समजूत आहे: जो सोसतो, कुरकुरत नाही, ज्याने स्वतःला पूर्ण स्वाधीन केलंय, तो वरच्या पायरीवर पोचलेला. शरणागती, वैराग्य, समाधान ही मूल्यं मला मोलाचीच वाटतात. पण बाहेरून हुबेहूब तशीच दिसणारी आणखी एक अवस्था असते. ती ओळखता आली नाही, तर खचलेल्या जिवाला आपण शांत जीव समजून बसतो.

ही अवस्था दाखवून देणारा, मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली अमेरिकेत केलेला प्रयोग क्रूर होता, हे आधीच म्हटलं पाहिजे. तो आज कुणी करू नये. कुत्र्यांना कापडी झोळीत अडकवून विजेचे झटके दिले जात. एका गटातल्या कुत्र्याने डोक्याजवळची फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याला झटके तेवढेच, तितकाच वेळ. पण त्याने फळी कितीही दाबली तरी काही होत नसे. 24 तासांनी या कुत्र्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवलं. मध्ये बुटका अडसर. झटका बसला की पलीकडे उडी मारायची, एवढंच. पहिल्या गटातले कुत्रे ते पटकन शिकले. दुसऱ्या गटातले बहुतेक थोडी धावपळ करून तिथेच आडवे झाले, कण्हत राहिले. पुढच्या प्रयोगांत अडसर काढला, पलीकडून हाका मारल्या, खाणं टाकलं, तरी ते उठेनात. शेवटी गळ्यातल्या दोरीने पुन्हा पुन्हा पलीकडे ओढत न्यावं लागलं, तेव्हा कुठे ते आपले आपण हलू लागले. वेदना दोघांच्याही वाट्याला सारखीच आली होती. एकाच्या धडपडीला उत्तर मिळालं, दुसऱ्याच्या धडपडीला मिळालं नाही, फरक एवढाच.

आता वेदान्ताच्या बाजूने कुणी विचारेल की फळाची आशा हेच तर बंधन आहे. मग कुत्र्याला 'हे केलंस तर ते मिळेल' असं शिकवणारं प्रशिक्षणाचं शास्त्र त्या जिवाला बंधनातच ढकलत नाही का? आक्षेप वजनदार आहे. पण गीतेतला निष्काम कर्माचा विचार कर्म करत राहणाऱ्यासाठी आहे. कर्म सोडून बसण्याची ओढही तिथे नाकारलेली आहे. पेटीत आडव्या पडलेल्या कुत्र्याने फलाशा टाकलेली नाही, त्याचं कर्मच संपलंय. कर्तेपणा अर्पण करायचा, तर तो आधी हाती असावा लागतो. याच दोन शास्त्रज्ञांनी 2016 साली, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे, असहायता शिकली जाते हा स्वतःचाच जुना सिद्धान्त उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही, असं ते म्हणाले. त्रास लांबला की जीव आपसूकच गळाठतो. शिकावी लागते ती दुसरीच गोष्ट: आपल्या करण्याने काही बदलतं, ही खात्री. आपल्या भाषेत सांगायचं तर कर्तेपणा हाच एक संस्कार आहे, आणि तो कुणीतरी करावा लागतो.

मग कुत्र्याला शिकवताना मारणं वाईट आणि खाऊ देणं चांगलं, इतकं हे सोपं आहे का? तसंही नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगशाळेत एक कुत्रा पट्ट्यांत बांधून घ्यायला तयारच नव्हता. तो जमीन उकरायचा, चौकट कुरतडायचा. सुटण्याच्या या ओढीला पावलोव्हने 1917 साली 'स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया' असं नाव दिलं. त्यावर उपाय काय केला, तर खाणं फक्त त्या चौकटीतच द्यायचं. कुत्रा आधी पोटभर खाईना, वाळत गेला. काही महिन्यांनी निमूट उभा राहू लागला. मारझोड कुणी केली नव्हती. सगळं अन्न एकाच्या मुठीत असेल तर खाऊसुद्धा साखळीचं काम करतो. म्हणून शिकवणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारेन: तुझ्या कुत्र्याने 'नको' म्हटलं, तर पुढे काय होतं?

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की रस्त्यावर ट्रक येत असताना कुत्र्याची मर्जी कोण विचारणार? कुणीच विचारू नये, पट्टा खेचावा. पण तो क्षण दिवसातून एखादा, आणि त्याच्या नावाखाली उरलेला अख्खा दिवस हुकमावर चालवला जातो. नखं कापण्याचंच बघा. चौघांनी दाबून धरलं की कुत्रा शेवटी हलायचा थांबतो आणि सगळे म्हणतात, 'बघा, सवय झाली.' काही प्रशिक्षक दुसऱ्या वाटेने जातात. आधी कित्येक दिवस नुसतं तळहातावर हनुवटी टेकवायला शिकवतात. हनुवटी टेकलेली असेतोवरच कात्री चालते. उचलली की कात्री खाली, जबरदस्ती नाही, ओरडणं नाही. पहिल्या दिवशी एखादंच नख होतं, कधी तेवढंही नाही. कुत्रा हनुवटी उचलतो, कात्रीकडे बघतो, पुन्हा उचलून पाहतो, ती खरंच थांबते का याची खात्री करून घेतो. आणि मग कुणी न बोलावता हनुवटी परत तळहातावर आणून ठेवतो.