पानगळ आणि शेजारधर्म



फेब्रुवारी सरत आला की पुण्यात पानगळ वाढते. पिंपळ, बदाम, साग यांची पाने अंगणात आणि सोसायटीच्या वाटांवर पडू लागतात. आपला उपवासकाळही याच सुमारास येतो. बागेतही आता कामे असतात. मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर ती उरकून त्याला शेणखत द्यायचे, कुंड्यांतली माती मोकळी करायची, उन्हे तापण्याआधी पाणी घालायचे. ही कामे आपण हौसेने करतो. उरतो तो पाचोळा. त्याला आपण कचरा म्हणतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो कोपऱ्यात लोटून पेटवून दिला जातो.

अंगण स्वच्छ झाले, पण धूर शेजारच्या खिडकीत शिरला. तेथे दम्याने बेजार झालेले आजोबा किंवा तान्हे बाळ असेल, तर याला स्वच्छता म्हणावे का? आपल्या दारातली घाण दुसऱ्याच्या छातीत गेली, एवढेच झाले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या जाळपोळीसाठी ५,००० रुपये आणि मोठ्या ढिगासाठी २५,००० रुपये दंड ठरवला. पण दंडाला भिऊन थांबणे निराळे आणि शेजाऱ्याच्या काळजीपोटी थांबणे निराळे.

कोणी म्हणेल, "झाडणाऱ्या मावशीच पेटवतात, आम्ही काय करणार?" पण पाचोळा टाकायला त्यांना जागा कोणी दिली आहे? नुसते "जाळू नका" असे बजावले, तर आपले ओझे आपण त्यांच्या डोक्यावर ठेवतो. आवाराच्या एका कोपऱ्यात जाळीचे कुंपण करून त्यात पाने साठवावीत, अधूनमधून शेणपाणी शिंपडावे. काही महिन्यांत चांगले खत होते. ज्यांच्याकडे फक्त गॅलरी आहे, त्यांनी कुंडीत खोडापासून थोडे अंतर सोडून दोन इंच पाने पसरावीत. एप्रिलच्या उन्हातही ओल टिकते आणि पाणी वाचते. पुण्यातच अदिती देवधर यांनी २०१६ साली 'ब्राऊन लीफ' हा उपक्रम सुरू केला. ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, अशांची त्यातून गाठ पडू लागली. एकाला नकोसे झालेले दुसऱ्याच्या उपयोगी पडले.

परमेश्वराने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. राखण फक्त फुलांची नसते, गळून पडलेल्या पानांचीही असते. लूकच्या शुभवर्तमानातला मालक फळ न देणारे अंजिराचे झाड तोडायला निघाला, तेव्हा माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. भोवती खणून खत घालतो, असे तो म्हणाला. निरुपयोगी ठरवण्याआधी थोडे थांबावे आणि थोडे कष्ट घ्यावेत, हीच त्या माळ्याची शिकवण आहे.

या उपवासकाळात आपण एखादा आवडता पदार्थ सोडूच. त्याबरोबर सोसायटीच्या सभेत पाचोळ्यासाठी एक कोपरा मागू या, आणि तो भरायला मावशींना हातभार लावू या.