पादचाऱ्यास मज्जाव

मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर, मार्गिका आठ. पादचाऱ्यास मात्र मज्जाव. नेरडीगोंड्याहून मुंबईस गेलो असता या सेतूवर आमची नात म्हणाली, "आजोबा, उतरून चालू या ना!" आम्ही नकार दिला.

नियमाची बाजू आम्ही जाणतो. उभी हयात शासकीय नियम राबविण्यातच गेली. धावत्या वाहनांत शिरणारा आपल्याबरोबर दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालतो. निव्वळ हौसेखातर तसे करणे आम्हांस अनीतीचेच वाटते. परंतु हा धोका काही समुद्राने निर्माण केलेला नाही. पदपथ आखला नाही म्हणून चालणे धोक्याचे, आणि धोक्याचे म्हणून बंदी! कोलकात्याचा हावडा पूल १९४३ मध्ये खुला झाला. त्याच्या दोन्ही अंगांस पंधरा-पंधरा फुटांचे पदपथ आहेत. मुंबईच्या सेतूवरूनही जानेवारीतल्या एका रविवारी मॅरेथॉनचे लोक हजारोंनी धावतात. म्हणजे वर्षातून एक दिवस पाय चालतात!

कोणी म्हणेल, पथकर वाहनवाले भरतात. खरे आहे, पण समुद्र काही त्या पथकरातून विकत घेतलेला नाही. ज्यांच्या पूर्वजांनी पंढरीची वाट पायीच तुडविली, त्यांना तरी हे खटकावे.

आपल्या नेरडीगोंड्यावरूनही राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. तो आखताना शेताकडे चालत जाणाऱ्यासाठी किती हात वाट धरली होती, हे आपल्यापैकी कोणी विचारले होते काय?