कुठं उतरलात?

आमच्याकडचा माणूस मुंबईत राहायला जात नाही, उतरायला जातो. दोन दिवसांचं काम असो की दोन महिन्यांचं, समोरचा विचारणार ते "कुठं उतरलात?" असंच. पूर्वी ज्याची त्याची उतरायची जागा ठरलेली असायची. टिळक मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले तेही तिथंच. कोकणातल्या कितीतरी गावांनी तर वर्गणी काढून गिरणगावात गावाच्या नावाची खोली घेऊन ठेवलेली असे. गावचा माणूस आला की वळकटी तिथं टाकायची, विचारायचं कुणाला नाही. माझी तशी जागा म्हणजे लालबागच्या चाळीतली मावशीची खोली. ती जागा माझी मीच सोडली आणि सोडताना खोटं बोललो.

"मावशी, काम सगळं फोर्टात आहे, लालबाग लांब पडतं. बँकेनं तिकडंच सोय केलीय." १९९३ साली हे मी पहिल्यांदा बोललो. नंतर ते इतक्या वेळा बोललो की पाठ झालं. बँकेनं कसलीही सोय केली नव्हती. मी दादरला, फूलबाजाराच्या मागच्या एका लॉजवर उतरत होतो.

मुंबईच्या माणसाला यातली चोरी लगेच कळेल. सीएसएमटीहून, म्हणजे तेव्हाच्या व्हीटीहून, निघालं की मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ आणि मग दादर. लालबागला उतरायचं ते चिंचपोकळीला नाहीतर करी रोडला. म्हणजे लालबाग लांब पडतं म्हणून मी लालबागच्याही पुढं जाऊन राहत होतो, आणि सकाळी फोर्टात जाताना लालबागवरूनच जात होतो. दादरहून फास्ट लोकल धरायचो. ती मधल्या तिन्ही स्टेशनांवर थांबत नाही, थेट भायखळा. वेळ वाचतो, असं मी स्वतःला सांगायचो. स्लोला फार तर पाच-सात मिनिटं जास्त लागली असती. करी रोडचा प्लॅटफॉर्म खिडकीबाहेरून सरकायला लागला की मी पेपर वर धरायचो.

मावशीची खोली दहा बाय बाराची. आत मोरी, मोरीशेजारी पाण्याचं पिंप, वर पोटमाळा. त्यात काका, मावशी, दादा, दोन बहिणी आणि गावाकडून कुणी ना कुणी आलेलं असायचंच. सुट्टीत आम्ही भावंडं जायचो तेव्हा रात्री जेवणं आटोपली की मावशी कमरेवर हात ठेवून खोलीकडं बघत उभी राहायची. कुणाचं डोकं भिंतीकडं, कुणाचे पाय त्याच्या डोक्याशी, कोण कॉटखाली, कोण गॅलरीत, हे ती एका नजरेत ठरवायची. काका तिसऱ्या पाळीला गेले की त्यांची जागा रिकामी व्हायची, ती मला मिळायची. पहाटे चारला पाणी यायचं. पाच वाजल्यापासून डालड्याचा डबा हातात घेऊन गॅलरीच्या टोकाला रांग. खाली मसाल्याच्या बाजारात मिरची कुटायला लागली की सगळा मजला शिंकायचा. मी तिथं कधी अवघडलेला नव्हतो. आता कुणी म्हणेल लहानपणी सगळंच गोड लागतं. लागत असेल, पण त्या वयातही मला शेजारच्या काकूंचा राग यायचा आणि पोटमाळ्यावर झुरळांची भीती वाटायची, त्यामुळं सगळंच गोड होतं असं नाही. तिथं मी पाहुणा नव्हतो, एवढंच.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत काका. ते पुन्हा आत गेलेच नाहीत. माझ्या वडिलांनी त्या वर्षी दोन पोती जोंधळा ट्रकमधून पाठवला होता. हे इथं लिहितोय त्याला कारण आहे. पुढं जेव्हा जेव्हा मला मावशीकडं न गेल्याची टोचणी लागायची, तेव्हा तेव्हा मी ती दोन पोती मनातल्या तराजूत टाकायचो आणि म्हणायचो, आपणही केलंय की. पोती वडिलांनी पाठवली होती. मी तेव्हा अकरावीत होतो आणि ट्रकवर चढवायलासुद्धा हात लावला नव्हता.

१९९३ ला झालं ते एवढंच. बँकेच्या मुख्य कार्यालयात प्रशिक्षण होतं. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी एका साहेबांनी सहज विचारलं, "कुठं उतरलात?" मी म्हणालो, "लालबागला, मावशीकडं." ते म्हणाले, "अच्छा. चाळीत?"

बस. पुढं काही नाही. ते हसले नाहीत, नाक मुरडलं नाही, विषय बदलून व्याजदरांवर गेले. कदाचित ते स्वतः गिरगावच्या चाळीत वाढलेले असतील आणि बरं वाटून विचारलं असेल. पण मला एकदम माझ्या शर्टाला तिखटाचा वास येतोय असं वाटायला लागलं. दिवसभर मी कुणाच्या फार जवळ उभा राहिलो नाही. पुढच्या खेपेला दादर.

बरीच वर्षं मी समजत होतो की मला त्या रांगेचा कंटाळा होता. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून कार्यालयात जायचं, तर पाच वाजता डबा घेऊन कोण उभं राहणार? कारण पटण्यासारखं आहे. फक्त दादरच्या त्या लॉजची खोली सहा बाय आठची होती. भिंती प्लायवूडच्या, पलीकडचा घोरला की इकडं ऐकू यायचं. खिडकी असलेल्या खोल्या तीनच, त्यांना वीस रुपये जास्त. आणि संडास पॅसेजच्या टोकाला, सगळ्यांना मिळून दोन. तिथं मी मुकाट्यानं रांगेत उभा राहायचो. डब्याऐवजी प्लास्टिकचा मग हातात, एवढाच फरक. म्हणजे अंतर नाही, रांगही नाही. एकेक कारण बाजूला काढत गेलं की खाली उरतं ते "दादर" हा शब्द. कुणी विचारलं की तोंडातून काढायला बरा. शिवाजी पार्क, पुस्तकांची दुकानं, नाटकं हे सगळं त्या एका शब्दाला चिकटून यायचं. मी त्या शब्दाचं भाडं भरत होतो, आणि तेही बँकेकडून भत्ता म्हणून परत घेत होतो.

२००४ ला आईला कॅन्सर निघाला. उपचार परळच्या टाटा रुग्णालयात. रेडिएशन सहा आठवडे, रोज. तिथं बाहेर फुटपाथवर फायली उशाला घेऊन झोपलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको की परळात डोक्यावर छप्पर म्हणजे काय. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा याच रुग्णांसाठी चालते. पण आम्हाला धर्मशाळा बघावी लागली नाही. लालबागहून टाटा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

अकरा वर्षांत मी त्या खोलीत फार तर चार वेळा, तेही तासाभरासाठी, पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो होतो. आता आईचा हात धरून जिना चढलो. काका तोवर गेले होते. मावशीनं कॉटवरची चादर आधीच बदलून ठेवली होती. रात्री ती पूर्वीसारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आई कॉटवर, मी कॉटखाली, दादा-वहिनी पोटमाळ्यावर आणि ती स्वतः दाराशी, उंबऱ्यालगत. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "शेवटी तुझ्याकडंच आलो बघ."

"आता जवळ पडतंय व्हय रे?" ती म्हणाली आणि दिवा मालवला.

ती टोमणा मारत होती की खरंच रुग्णालयाचं अंतर विचारत होती, हे मी त्या रात्री कॉटखाली पडून ठरवायचा प्रयत्न केला. मला सोयीचं ते मी ठरवलं.

आई पुढच्या वर्षी गेली. त्याच्या पुढच्या वर्षी बँकेच्या कामासाठी मुंबईला गेलो तो दादरलाच उतरलो. सगळ्यांत जास्त लाज मला वाटायला हवी ती याची. १९९३ चा मी सत्तावीस वर्षांचा होतो, एका साहेबाच्या दोन शब्दांनी हललो. २००६ च्या मला कुणी काही विचारलंही नव्हतं. मावशी २००९ मध्ये गेली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी फक्त नातेवाइकांचा गुन्हेगार ठरेन आणि तेवढ्यावर सुटेन. २०१६ ला लेकीची मुलाखत होती, व्हीटीपासून दहा मिनिटांवर. दादाची चाळ तेव्हा पाडलेली, तो संक्रमण शिबिरात. मी फोनवर हॉटेल शोधलं. चालत जाण्याजोगं, स्वच्छ खोल्या, दर परवडणारा. पैसेही भरले. मग नकाशा बोटांनी मोठा करून बघितला तर ते महंमद अली रोडला लागून, मिनारा मशिदीच्या जवळ. मी ते रद्द केलं. बायको-मुलीनं विचारलं तेव्हा म्हणालो, "वस्ती बरी नाही वाटली." त्या रस्त्यानं मी आयुष्यात दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा मालपुवा खाऊन सुखरूप परत आलो होतो. वस्तीबद्दल मला काडीचंही ठाऊक नव्हतं, ठाऊक होती ती फक्त माणसांची नावं. रद्द करताना फोननं कारण विचारलं. चार-पाच पर्याय होते. मी "प्रवासाचा बेत बदलला" यावर बोट ठेवलं. बेत बदलला नव्हता. आम्ही दादरहून गेलो.

बाबासाहेबांनी बडोद्याचा प्रसंग लिहून ठेवला आहे. १९१७ साल, परदेशात शिकून आलेला माणूस संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेला आणि शहरात त्याला उतरायला जागा नाही. पारशी सरायीत पारशी नाव लावून काही दिवस काढले, मग काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांनी बाहेर काढलं. ओळखीच्या घरांनीही ठेवून घेतलं नाही. संध्याकाळ सार्वजनिक बागेत बसून काढली आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. मुंबईत त्यांचं बिऱ्हाड परळच्या चाळीत होतं, माझ्या मावशीच्या खोलीपासून फार लांब नाही. हा प्रसंग मी कॉलेजात वाचला होता, त्यावर बोललोही होतो. माझ्या आडनावाला आजवर एकाही लॉजच्या रजिस्टरनं अडवलेलं नाही. जागा निवडणं हा माझ्या बाजूनं सोयीचा प्रश्न वाटतो तो त्यामुळंच. नाकारणारे काठ्या घेऊनच येतात असं मी धरून चाललो होतो. नुसतं बोट ठेवूनही काम होतं.

दादाला टॉवरमध्ये जागा मिळाली, बाविसाव्या मजल्यावर. फ्लॅट छोटाच आहे, पण लिफ्ट, बंद दार, आत संडास. त्यानंतर मी दोनदा त्याच्याकडं उतरलो. गावात सांगतानाही सांगितलं, "भाऊ लालबागला टॉवरमध्ये असतो, एकदम मध्यवर्ती जागा." बोलून झाल्यावर जीभ चावावी असं वाटलं, पण तोवर बोलून झालं होतं.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. मुलाचं लग्न ठरलंय. मुलीकडचे वीस-बावीस लोक कोल्हापूरहून महालक्ष्मीनं येणार. "चाळ असती तर गॅलरीत दोरी बांधून सगळ्यांना झोपवलं असतं," तो म्हणाला, "इथं सोसायटीवाले पॅसेजमध्ये चप्पल ठेवू देत नाहीत." मग थोडा थांबून म्हणाला, "तुझं ते दादरचं लॉज रे, फूलबाजाराच्या मागचं. चालू आहे का अजून? आई म्हणायची, बरं आहे म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आहे," मी म्हणालो. "खोल्या लहान आहेत. खिडकीच्या मागून घे, तीनच आहेत."